रुग्णालयाच्या दप्तरातील वाटाड्या

कागद लिहून ठेवणे आणि लिहिलेला कागद वेळेवर सापडणे, ह्या दोन अगदी निराळ्या विद्या आहेत. पहिली विद्या मनुष्याला फार पूर्वी साध्य झाली. दुसरीचा अभ्यास अद्याप चालूच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल शतकभर बांधून पडले होते. त्यांतील मजकूर कोणी खोडला नव्हता, जाळलाही नव्हता. परंतु कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणारी यादी नव्हती, म्हणून ते असून नसल्यासारखेच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे अभ्यासकांना त्या अरण्यात वाट मिळाली.

इतिहासाचा अभ्यासक एखाद्या कागदासाठी दहा वर्षे थांबू शकतो. रुग्णालयातील वैद्य दहा मिनिटेही थांबू शकत नाही. समोर बेशुद्ध पडलेल्या रोग्याला पेनिसिलीन सोसत नाही, ही गोष्ट पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विभागातील वहीत स्वच्छ अक्षरांत लिहिलेली असेल. पण ती वही ह्या क्षणी हाती आली नाही, तर त्या स्वच्छ अक्षराचा रोग्याला काय उपयोग? म्हणून रुग्णालयाच्या दप्तराचा इतिहास हा मुख्यतः शोधाच्या साधनांचा इतिहास आहे. इंग्रजीत ज्याला ‘क्रॉस रेफरन्स’ म्हणतात आणि मराठीत ज्याला प्रतिनिर्देश म्हणता येईल, ते एका कागदावरून दुसऱ्याकडे नेणारे साधन म्हणजे ह्या दप्तरातील वाटाड्याच होय.

एकोणिसाव्या शतकातील युरोपातील रुग्णालये नोंदी करीत नव्हती असे नाही. प्रवेशाच्या वह्या होत्या, शस्त्रक्रियांच्या वह्या होत्या, मृत्यूच्या वह्या होत्या. परंतु प्रत्येक वही आपल्यापुरती स्वतंत्र होती. एकाच मनुष्याचा प्रवेश एका वहीत, शस्त्रक्रिया दुसऱ्या वहीत आणि शेवट तिसऱ्या वहीत लिहिला जाई. ह्या तीन ओळी एकाच देहाच्या आहेत हे ओळखण्यास कारकुनाच्या स्मरणाखेरीज आधार नसे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना परिचर्येबद्दल सारे जग ओळखते. पण त्या आकडेशास्त्राच्याही गाढ अभ्यासक होत्या. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदींची योजना मांडली. रुग्णालयांवरील आपल्या ग्रंथाच्या १८६३ सालच्या आवृत्तीतही, तुलना करता येईल अशा नोंदी कोठेच मिळत नाहीत, ही तक्रार त्यांनी केली. निरनिराळ्या रुग्णालयांनी एकाच रोगाला निरनिराळी नावे दिली, तर मोजणार काय आणि ताडून पाहणार काय? इंग्लंडात विल्यम फार यांनी रोगांच्या नावांचे वर्गीकरण करण्यासाठी आयुष्य वेचले. १८९३ साली फ्रान्सचे झाक बर्तियाँ यांनी शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि तिच्यापासूनच आजच्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाची परंपरा सुरू झाली. प्रतिनिर्देशाची पहिली अट अशा रीतीने पुरी झाली : एका वस्तूला एक नाव.

दुसरी अट होती, एका रोग्याला एक जागा. ती पुरी होण्याचे श्रेय अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या रॉचेस्टर गावी असलेल्या मेयो क्लिनिककडे जाते. तेथे १९०१ साली हेन्री प्लमर नावाचे एक तरुण वैद्य दाखल झाले. वैद्यकाइतकीच यंत्ररचनेची आवड असलेला हा मनुष्य होता. त्या काळी क्लिनिकमधील डॉक्टर आपापल्या खातेवह्यांत रोग्यांची हकीकत लिहीत. रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की त्याची हकीकत दुसऱ्या वहीत सुरू होई. प्लमर यांनी १९०७ साली ही रीत मोडली. प्रत्येक रोग्याला पहिल्या भेटीस एक क्रमांक द्यावयाचा, तो क्रमांक आयुष्यभर त्याचाच राहावयाचा, आणि कोणत्याही विभागात त्याच्याविषयी जो कागद तयार होईल तो त्याच क्रमांकाच्या पाकिटात येऊन पडावयाचा, असा नियम त्यांनी घातला. डॉक्टरच्या नावाने चालणारे दप्तर त्या दिवसापासून रोग्याच्या नावाने चालू लागले. ऐकावयास ही गोष्ट लहान वाटते. पण सत्तेचे केंद्रच तिने हलविले. १९१४ साली क्लिनिकची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा ही पाकिटे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर वेगाने पोहोचविण्याची यांत्रिक सोयही तीत करण्यात आली.

परंतु सारे कागद क्रमांकाने एका पाकिटात गेले की एक नवीच अडचण उभी राहते. रोग्याचा क्रमांक ठाऊक असेल तर सारे काही क्षणात मिळते. पण गेल्या वर्षी गलगंडाच्या किती रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली, असे कोणी विचारले तर? हजारो पाकिटे उघडून पाहणे अशक्य. म्हणून मुख्य दप्तराच्या जोडीला दुसरे एक दप्तर लागते. तीत रोगाचे नाव वर आणि त्याखाली रोग्यांचे क्रमांक. मेबल रूट ह्या बाईंनी प्लमर यांच्याबरोबर हे काम उभे केले आणि रोगनिदानांची व शस्त्रक्रियांची सूची-पत्रे चिकाटीने तयार केली. ह्या सूचीत रोग्याची हकीकत नसते. असतो तो फक्त क्रमांक, म्हणजे ‘अमुक पाकिटाकडे जा’ एवढीच खूण. प्रतिनिर्देशाचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत आहे. मूळ मजकूर एकाच ठिकाणी राहतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र अनेक असतात.

ह्या वाटांनी काय साधले? स्वतः प्लमर यांनी गलगंडाच्या रोगाचा अभ्यास केला आणि १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे त्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ उतरले. रोगनिहाय पाकिटे काढून एकापुढे एक ठेवता येत नसती, तर अशी तुलना करणे कठीण गेले असते. पुढे १९६६ साली त्याच परिसरात एक व्यापक योजना सुरू झाली. ओल्मस्टेड परगण्यातील वेगवेगळ्या वैद्यकीय संस्थांतील एकाच व्यक्तीच्या नोंदी परस्परांशी जोडण्याचे काम तिने हाती घेतले. एका गावातील माणसांचे आजार पिढ्यान्‌पिढ्या कसे चालतात हे जगाला त्यातून कळू लागले.

हाताने लिहिलेल्या सूचीची मर्यादा लवकरच दिसू लागली. १८९० सालच्या अमेरिकन जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेल्या पत्त्यांची यंत्रे केली होती. मेयो क्लिनिकमध्ये जोसेफ बर्कसन यांनी १९३० नंतरच्या दशकात ती रोगांच्या नोंदींसाठी वापरली. वय, लिंग, निदान, शस्त्रक्रिया ह्या प्रत्येकासाठी पत्त्यावर ठराविक जागी भोक; यंत्र भराभर पत्ते वेगळे करी. पण ही सोय मोजणीची होती, भेटीची नव्हती. प्रश्न विचारला की पत्त्यांचा सारा ढीग प्रारंभापासून यंत्रातून काढावा लागे. दाराशी आलेल्या एका रोग्यासाठी सारा ढीग कोण फिरविणार?

खरे उत्तर आले ते १९६६ व १९६७ ह्या वर्षांत, बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. ऑक्टो बार्नेट ह्या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत नील पापालार्डो, कर्टिस मार्बल आणि रॉबर्ट ग्रीन्स यांनी एका लहानशा संगणकावर एक नवी भाषा रचली. तिचे नाव ‘मम्प्स’. इंग्रजीत गालगुंडालाही हाच शब्द आहे, हा योगायोग रुग्णालयाला शोभणाराच म्हणावयाचा. त्या काळच्या इतर भाषा हिशेबासाठी किंवा गणितासाठी घडल्या होत्या. त्यांना प्रत्येक रकान्याची लांबी आधी ठरवून द्यावी लागे. रोग्याची हकीकत अशा रकान्यांत कशी बसणार? एकाला जन्मात एकच आजार, तर दुसऱ्याला चाळीस. एकाला कसलेही औषध चालते, तर दुसऱ्याला सहा औषधे वर्ज्य. ‘मम्प्स’ने ही माहिती झाडासारखी मांडली. खोडाला फांदी, फांदीला उपफांदी. जेथे माहिती आहे तेथेच फांदी फुटते, जेथे नाही तेथे रिकामी जागा अडविली जात नाही. आणि मुख्य म्हणजे फांद्या नेहमी क्रमवार लावलेल्या राहतात. अंक अंकांच्या क्रमाने आणि नावे अक्षरांच्या क्रमाने.

ह्या शेवटच्या गुणामुळेच प्रतिनिर्देश सहजसाध्य झाला. समजा, ५१२७ ह्या क्रमांकाच्या फांदीवर एका रोग्याचे नाव, जन्मतारीख, आजार हे सारे लिहिलेले आहे. त्याच झाडाला आणखी एक फांदी काढावयाची आणि तिला ‘बी’ असे नाव द्यावयाचे. ह्या ‘बी’ फांदीवर रोग्याचे नाव हीच उपफांदी, आणि तिच्या टोकाला ५१२७ हा आकडा. त्या टोकावर पुढे काहीच लिहिलेले नसते; जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. सांगावयाचे ते सारे वाटेतच सांगून झालेले असते. नावे क्रमाने लावलेली असल्यामुळे संगणकाला सारी नावे वाचावी लागत नाहीत. जाडजूड शब्दकोश मध्यावर उघडून, हवा तो शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहत अर्धा भाग दर वेळी सोडून द्यावा, तसा तो शोध चालतो. दहा लाख नावांतून एक नाव काढण्यास अशा रीतीने सुमारे वीस पावले पुरतात. नावाची पहिली तीन-चार अक्षरे दिली तरी त्या अक्षरांनी सुरू होणारी सारी नावे ओळीने पुढे येतात.

ह्या तंत्राचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयांत. युद्धावरून परतलेला सैनिक आज एका राज्यात, तर उद्या दुसऱ्या राज्यात राहावयास जातो. त्याची दुखणी मात्र त्याच्याबरोबर जातात. त्याच्या कागदांनीही त्याच्याबरोबर गेले पाहिजे. १९७७ सालाच्या सुमारास टेड ओनील आणि मार्टी जॉन्सन यांनी ह्या रुग्णालयांत काम करणाऱ्या हौशी व हुशार मंडळींना एकत्र आणले. प्रत्यक्ष रोग्यांजवळ बसणाऱ्या डॉक्टरांनी, औषधनिर्मात्यांनी आणि परिचारिकांनी आपल्या गरजा सांगाव्या व त्यांच्याच शेजारी बसून आज्ञावली लिहिली जावी, असा त्यांचा आग्रह होता. जॉर्ज टिम्सन यांनी ह्या कामासाठी ‘फाइलमन’ नावाचे माहितीकोशाचे साधन रचले. सर्व विभागांच्या पायाशी तेच एक राहिले.

वॉशिंग्टनमधील मध्यवर्ती संगणक-खात्याला हा उद्योग रुचला नाही. मोठी यंत्रे, मोठे ठेके आणि वरून खाली येणारे हुकूम ही त्या खात्याची रीत. लहान यंत्रांवर जागच्या जागी चाललेले हे काम त्याला शिस्तभंगासारखे वाटले. काम थांबविण्याचे प्रयत्न झाले, काही जणांना नोकऱ्यांना मुकावे लागले. तरीही एका रुग्णालयाने केलेली आज्ञावली दुसरे रुग्णालय गुपचूप मागवून घेई. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील गुलामांना उत्तरेकडे पळून जाण्यास मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याला ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. हेच नाव ह्या मंडळींना पडले आणि त्यांनी ते अभिमानाने मिरविले. १९८२ साली प्रशासक रॉबर्ट निमो यांनी ह्या विकेंद्रित पद्धतीला मान्यता दिली आणि पुढील काही वर्षांत ती देशभरच्या सैनिकी रुग्णालयांत पोहोचली. १९९० नंतरच्या दशकात तिलाच ‘व्हिस्टा’ हे नाव मिळाले.

ह्या ‘फाइलमन’मध्ये प्रतिनिर्देश कसे चालतात हे पाहिले, म्हणजे साऱ्या दप्तरविद्येचे सार हाती येते. रोग्याच्या नोंदीकडे जाण्याच्या अनेक वाटा तेथे एकाच वेळी उघड्या असतात. एक वाट नावावरून, दुसरी सामाजिक सुरक्षा क्रमांकावरून. तिसरी वाट मोठी मजेदार आहे : आडनावाचे पहिले अक्षर आणि त्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. ही पाच चिन्हे टंकावर उमटविली की बहुधा हवा तोच रोगी पुढे येई. रुग्णालयातील मंडळींना त्या पाच चिन्हांची इतकी सवय झाली की रोग्यालाही ती तोंडपाठ असत.

परंतु वाटा वाढल्या की त्यांची राखण करावी लागते. ‘फाइलमन’ प्रत्येक प्रतिनिर्देशाबरोबर दोन आज्ञा बाळगतो. एक आज्ञा नवी खूण मांडण्याची आणि दुसरी जुनी खूण पुसण्याची. एखाद्या स्त्रीचे लग्न झाले आणि आडनाव बदलले असे समजा. मुख्य नोंदीत नवे नाव लिहिले. आता सूचीत दोन गोष्टी घडावयास हव्यात : जुन्या नावाखालची खूण पुसली गेली पाहिजे आणि नव्या नावाखाली मांडली गेली पाहिजे. दुसरी झाली आणि पहिली राहिली, तर सूची खोटे बोलू लागते. जुन्या नावाची दुसरीच एखादी स्त्री उद्या रुग्णालयात आली, म्हणजे तिच्या शोधात भलत्याच बाईची पाटी पुढे येईल. पहिली झाली आणि दुसरी राहिली, तर ती बाई दप्तरातून जणू नाहीशीच होते; तिची नोंद शाबूत असते, पण तिच्याकडे जाणारी वाट बुजलेली असते. नवी खूण मांडण्याचे काम सगळ्यांच्या लक्षात राहते. जुनी पुसण्याचे काम माणूस विसरतो. म्हणूनच ते माणसाच्या हाती न ठेवता यंत्राच्या नियमात बांधून टाकले आहे. दप्तराची विश्वसनीयता त्यात काय लिहिले ह्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच वेळेवर काय पुसले ह्यावरही असते.

ह्यात एक दिलासा आहे. सूची ही मूळ नोंदीपासून निघालेली वस्तू आहे. ती बिघडली तर सारी पुसून टाकून मूळ नोंदींवरून पुन्हा पहिल्यापासून उभी करता येते. उलट मात्र होत नाही. मूळ नोंद गेली, तर कितीही उत्तम सूचीवरून ती परत येत नाही. ग्रंथ आणि त्याची शब्दसूची ह्यांचे जे नाते, तेच येथेही आहे. आणि ह्या सोयीला किंमतही पडते. जितक्या वाटा अधिक, तितका नोंद लिहिण्यास वेळ अधिक. कारण एक नाव बदलले की पाच-सहा ठिकाणच्या खुणा बदलाव्या लागतात. परंतु रुग्णालयात एक नोंद एकदा लिहिली जाते आणि शेकडो वेळा वाचली जाते. लिहिणाऱ्याचा क्षण वाचविण्यासाठी वाचणाऱ्याची तासभर अडचण करणे हा शहाणपणा नव्हे.

सूचीच्या जोडीला आणखी एक साधन असते, त्याला दर्शक म्हणावे. रोग्याच्या भेटीच्या नोंदीत डॉक्टरचे नाव अक्षरशः लिहिलेले नसते. तेथे डॉक्टरांच्या यादीतील एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून नाव वाचले जाते. नावाचे स्पेलिंग दुरुस्त केले तर ते एकाच ठिकाणी केले की सर्वत्र दुरुस्त दिसते. औषध, रोग, वार्ड, चाचणी ह्या साऱ्यांना अशा स्वतंत्र याद्या असतात. त्यामुळेच डॉक्टरने नवे औषध लिहिताच संगणक ते औषध, रोग्याला वर्ज्य असलेली औषधे आणि चालू असलेली औषधे ताडून पाहू शकतो. ही सारी नावे हाताने हवी तशी लिहिली असती, तर ताडून पाहावयाचे कशाशी? मात्र दर्शकाचाही एक धोका आहे. ज्याकडे तो बोट दाखवितो ती नोंदच कोणी काढून टाकली, तर ते बोट पोकळीकडे रोखलेले राहते. म्हणून जाणता दप्तरदार जुनी नोंद सहसा नष्ट करीत नाही. ‘आता वापरात नाही’ अशी खूण करून ती जागेवरच ठेवतो.

माणसांच्या नावांनी ह्या विद्येची फार कसोटी पाहिली. ‘स्मिथ’ हे नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. कानाला सारखी लागणारी नावे एकत्र यावीत म्हणून रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली ‘साउंडेक्स’ नावाच्या युक्तीचे पेटंट घेतले. तीत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात, स्वर सोडून देतात आणि उरलेल्या व्यंजनांना गटागटाने आकडे देतात. ‘फाइलमन’मध्ये ह्या ध्वनिसूचीचीही सोय आहे. पण ही युक्ती इंग्रजी कानासाठी घडलेली. गोव्यातील वाचकांना तिची मर्यादा चटकन कळेल. पोर्तुगीज वळणाने लिहिलेला ‘नाईक’ आणि इंग्रजी वळणाने लिहिलेला ‘नाईक’ ह्या दोहोंना ती एकच संकेत देते, एन २००. तेथे ती यशस्वी होते. परंतु ‘शेणवी’ हे नाव इंग्रजी वळणाने एस ह्या अक्षराने सुरू होते आणि पोर्तुगीज वळणाने एक्स ह्या अक्षराने. पहिले अक्षर बदलले की ही युक्ती त्यांना दोन परके मानते. ‘कामत’ आणि त्याचेच जुने गोमंतकी रूप ‘कामोती’ हीही अशीच दुरावतात. कारण एकाच्या आरंभी के, दुसऱ्याच्या आरंभी सी, आणि शेवटही निराळा. बापाची नोंद एका वळणाने आणि मुलाची दुसऱ्या वळणाने असलेली कुटुंबे जेथे घरोघर आहेत, तेथे केवळ परदेशी ध्वनिसूचीवर विसंबून चालणार नाही, हे ह्यावरून उघड होते. नाव चुकले की एकाच मनुष्याच्या दोन नोंदी होतात, आणि अर्धा इतिहास एकीत, अर्धा दुसरीत राहतो. प्लमर यांनी १९०७ साली ज्या वह्या मोडीत काढल्या, त्याच अशा वेळी यंत्राच्या पोटात पुन्हा जन्म घेतात.

दुसरा प्रश्न कागद आणि देह ह्यांच्या जोडणीचा. नोंद अचूक असेल. पण खाटेवर पडलेला मनुष्य त्याच नोंदीचा आहे हे कशावरून? कॅन्सस राज्यातील टोपिका येथील सैनिकी रुग्णालयातील परिचारिका स्यू किनिक यांना भाड्याच्या मोटारी परत घेताना वापरले जाणारे पट्ट्यांचे संकेत वाचण्याचे साधन पाहून एक कल्पना सुचली. मोटारीची ओळख असे साधन पटवीत असेल, तर रोग्याची का पटवू नये? रोग्याच्या मनगटावर एक पट्टी आणि औषधाच्या पाकिटावर दुसरी. दोन्ही वाचून त्या जुळल्या तरच औषध द्यावयाचे. १९९९ सालापासून ही पद्धत सर्व सैनिकी रुग्णालयांत नेण्यात आली. प्रतिनिर्देशाचे शेवटचे टोक असे माणसाच्या मनगटापर्यंत पोहोचले.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. असंख्य लोकांचे वैद्यकीय कागद चिखलात गेले. शहर सोडून गेलेल्या माजी सैनिकांची माहिती मात्र दूरच्या रुग्णालयांत उघडता आली. कोणते औषध चालू होते हे त्यांना आठवून सांगावे लागले नाही.

ह्या साऱ्या यशाची उलट बाजूही त्याच संस्थेच्या इतिहासात लिहिलेली आहे. २०१८ साली अमेरिकन सरकारने ही जुनी व्यवस्था बदलून बाजारातील नवी घेण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे ती प्रथम सुरू झाली. पुढे काय झाले ते सरकारच्याच महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. डॉक्टरने एखादी तपासणी किंवा तज्ज्ञाची भेट लिहून दिली की तो आदेश योग्य विभागाकडे जावयास हवा. जो आदेश कोठे पाठवावयाचा हे यंत्राला जुळविता येत नसे, तो एका अज्ञात रांगेत जाऊन पडे. ती रांग आहे हेच रुग्णालयातील लोकांना माहीत नव्हते. डॉक्टरला वाटे आदेश गेला. विभागाला वाटे आदेश आलाच नाही. ऑक्टोबर २०२० ते जून २०२१ ह्या काळात ११,००० हून अधिक आदेश त्या रांगेत गेले आणि १४९ रोग्यांना त्यामुळे अपाय झाल्याचे आढळले. त्यांतील एकही आदेश यंत्राने पुसला नव्हता. अक्षर न् अक्षर जपून ठेवले होते. फक्त वाट तुटली होती. एप्रिल २०२३ मध्ये नव्या व्यवस्थेचा पुढील विस्तार थांबविण्यात आला.

भारतातही आता हाच प्रश्न दाराशी आला आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मोहीम देशभर सुरू झाली आणि तिच्याद्वारे नागरिकाला १४ अंकी आरोग्य-क्रमांक देण्याची व्यवस्था झाली. सर्व कागद एका कोठारात ओतण्याऐवजी ते ज्या त्या रुग्णालयात राहावेत आणि रोग्याच्या संमतीने एकमेकांना जोडले जावेत, अशी तिची रचना आहे. म्हणजे ती प्रतिनिर्देशांवरच उभी आहे. बेळगावचा रोगी मिरजेला जातो, पणजीचा मुंबईला, इंदूरचा पुण्याला. भाषा बदलते, लिपी बदलते, नावाचे स्पेलिंग बदलते आणि कापडी पिशवीतील कागदांची चळत तेवढी बरोबर असते. त्या पिशवीची जागा एका क्रमांकाने घेतली तर ती मोठीच सोय होईल. परंतु नुसता क्रमांक दिल्याने दप्तर जुळत नाही. नोंदणीच्या खिडकीशी बसलेल्या मनुष्याने जुनी नोंद न शोधता नवीच केली, नाव घाईने लिहिले, बदललेले नाव दुरुस्त केले नाही, तर चौदा आकडे असूनही रोगी पुन्हा अनोळखीच ठरेल.

प्लमर यांचे पाकीट, रूट यांची सूची-पत्रे, बोस्टनच्या प्रयोगशाळेतील झाड आणि टिम्सन यांच्या दोन आज्ञा, ह्या साऱ्यांनी सव्वाशे वर्षांत एकच धडा निरनिराळ्या साधनांनी गिरविला. मूळ नोंद एकच असावी, तिच्याकडे येणाऱ्या वाटा पुष्कळ असाव्यात, आणि प्रत्येक वाट आजही तेथेच पोहोचते की नाही हे पाहणारा कोणी तरी जागा असावा. यंत्रे ह्यापुढेही बदलतील. पण खिडकीशी उभ्या असलेल्या रोग्याला, आपण मागे येथे येऊन गेलो होतो हे ह्या लोकांना ठाऊक आहे, असा भरवसा वाटला पाहिजे. तो भरवसा देणे हेच दप्तराचे काम.